पाटी दुसऱ्याची, पेढी आपली

एजन्सीच्या धंद्यात दुकानावरची पाटी कारखानदाराच्या नावाची असते आणि दुकानात अडकलेले भांडवल दुकानदाराचे असते. सायकली, पंखे, सिमेंट, खते, ट्रॅक्टर, औषधे अशा कोणत्या ना कोणत्या मालाची एजन्सी व्यापारी कुटुंबांतून दोन-दोन, तीन-तीन पिढ्या चालत आलेली आहे. करारपत्र तिजोरीत असते, पण ते वाचण्याची वेळ क्वचितच येते. येते तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. आयुष्याची चाळीस-पन्नास वर्षे दुसऱ्याचे नाव वाढवण्यात घालवल्यावर दुकानदाराच्या पदरी स्वतःचे असे काय राहते, हा प्रश्न नवा नाही. मोटारगाडीच्या धंद्यात तो पहिल्या पिढीतच उभा राहिला. अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहरातल्या एका रस्त्याच्या आणि त्या रस्त्यावरच्या एका पेढीच्या इतिहासातून तो फार स्पष्ट दिसतो.

रस्त्याचे नाव व्हॅन नेस. रुंदी सव्वाशे फूट, म्हणजे त्या शहरातला सर्वांत रुंद रस्ता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याच्या दुतर्फा धनिकांच्या हवेल्या होत्या. १८ एप्रिल १९०६ रोजी पहाटे भूकंप झाला आणि त्यामागोमाग लागलेली आग तीन दिवस धुमसत राहिली. पाण्याचे नळ जमिनीखाली फुटले होते. पश्चिमेकडची वस्ती वाचवायची तर आगीच्या वाटेत मोकळी जागा हवी, आणि रुंद व्हॅन नेस ही तशी जागा होती. तिचा पट्टा आणखी रुंद करण्यासाठी पूर्वेकडच्या बाजूच्या हवेल्या सुरुंगाने उडवण्यात आल्या. आग मुख्यत्वे तेथेच अडली. शहरातल्या सुमारे २८,००० इमारती तोवर गेल्या होत्या.

बाजारपेठ जळाली तरी बाजार थांबत नाही. एम्पोरियम, व्हाइट हाउस, सिटी ऑफ पॅरिस यांसारखी नामांकित कापड-कपड्यांची दुकाने तात्पुरती व्हॅन नेसवर आली. त्यांच्या मागोमाग गिऱ्हाईक आले. दोन-तीन वर्षांत जुनी पेठ पुन्हा बांधून झाली आणि ही सारी दुकाने आपापल्या मूळ जागी परतली. रस्त्यावर उरल्या त्या रिकाम्या जागा आणि उतरलेली भाडी. जवळच्याच गोल्डन गेट मार्गावर मोटारविक्रेत्यांची दाटीवाटीने वस्ती होती. त्यांना मोठी काच, रुंद दार आणि गाडी फिरवून दाखवण्याइतका रस्ता हवा होता. हे सारे व्हॅन नेसवर होते. शिवाय पश्चिमेच्या टेकडीवर, चालत जाण्याइतक्या अंतरावर, गाडी घेण्याची ऐपत असलेली वस्ती होती. आणि गाडीत किती दम आहे हे दाखवायला त्या शहरात चढ शोधावे लागत नाहीत. अशा रीतीने आगीने मोकळा केलेला रस्ता वीस वर्षांच्या आत मोटारींचा रस्ता झाला. आपत्तीनंतर पेठ कोठे सरकते आणि त्यातली कोणती दुकाने तेथेच टिकतात, याचा इतका स्वच्छ दाखला क्वचित मिळतो.

या रस्त्यावर ज्यांच्या नावाची चर्चा आजही होते त्यांपैकी एक म्हणजे अर्ल सी. अँथनी. जन्म १८८० चा, इलिनॉय राज्यातला. वाढले लॉस एंजेलिसमध्ये. सतरा वर्षांच्या वयात या मुलाने विजेवर चालणारी एक मोटारगाडी स्वतः बांधली होती. पुढे बर्कलेच्या विद्यापीठात शिकत असताना त्यांनी 'पेलिकन' नावाचे विनोदी नियतकालिक काढले. १९०५ च्या सुमारास ते पॅकार्ड मोटारींच्या विक्रीत उतरले आणि सुमारे अर्धशतक त्याच नावाशी बांधले गेले. मूळ पेढी लॉस एंजेलिसची. पुढे सॅन फ्रान्सिस्को आणि खाडीपलीकडचे ओकलंड येथेही त्यांची दालने उभी राहिली, आणि कॅलिफोर्नियात पॅकार्ड म्हणजे अँथनी असे समीकरण झाले.

पॅकार्ड ही त्या काळची श्रीमंतांची गाडी. कंपनीचे जाहिरातीतले वचन प्रसिद्ध होते: ज्याच्याकडे ही गाडी आहे त्यालाच विचारा. बारकाईने पाहिले तर या वचनाचा सारा भार विक्रेत्यावर होता. गाडी डेट्रॉइटला बनली, पण तिचा मालक समाधानी आहे की नाही हे ठरायचे व्हॅन नेसवरच्या दुरुस्तीखान्यात. कारखान्याने दिलेल्या शब्दाची किंमत शेवटी स्थानिक पेढीच चुकती करीत होती.

आता हा व्यवहार पैशाच्या अंगाने पाहिला पाहिजे, कारण त्यात व्यापाऱ्याला शिकण्यासारखे सर्वांत अधिक आहे.

अडत्या आणि विक्रेता यांत जो फरक आपल्या पेठांतून शतकानुशतके ओळखला जातो, तोच येथे मुळाशी आहे. अडत्याच्या गाळ्यात माल असतो, पण जोखीम मालधन्याची असते. मोटारविक्रेत्याला 'एजंट' म्हणत असले तरी तो अडत्या नव्हता. तो गाडी स्वतःच्या पैशाने विकत घेत असे. किमतीवर त्याला साधारण वीस टक्क्यांच्या आगेमागे सूट मिळे. प्रदेश ठरवून दिलेला असे. आणि कारखान्याला पैसे मिळत ते रोख. पद्धत अशी होती: कारखाना गाड्या रेल्वेच्या डब्यात भरी, रेल्वे रसीद आणि तिला जोडलेली दर्शनी हुंडी विक्रेत्याच्या गावच्या बँकेकडे पाठवी. हुंडी सकारून पैसे भरले की बँक रसीद हातात देई, आणि रसीद दाखवली की रेल्वे गाड्या सोडी. हुंडीचा हा खेळ आपल्या वाडवडिलांना नव्याने समजावून सांगण्याची गरज पडली नसती. फरक एवढाच की येथे हुंडी लिहिणारा बलाढ्य होता आणि सकारणाऱ्याला ती नाकारण्याची सोय नव्हती. नाकारली तर माल परत जाई, आणि त्यामागोमाग बहुधा एजन्सीही.

या रचनेचा परिणाम दूरवर पोहोचला. सुरुवातीच्या काळात बहुतेक मोटारकारखाने सुटे भाग बाहेरून घेऊन गाडी जोडत. भाग पुरवणाऱ्यांचे पैसे महिना, दोन महिने, कधी तीन महिन्यांनी द्यायचे. गाडी मात्र त्याआधीच तयार होऊन रोखीने विकली जायची. त्यात भर म्हणून विक्रेते हंगामापूर्वी इसार भरत. म्हणजे कारखान्याचे खेळते भांडवल एका बाजूने पुरवठादार देत होता आणि दुसऱ्या बाजूने दुकानदार. मोठमोठ्या बँका त्या वेळी मोटारधंद्याला दारात उभे करत नव्हत्या, तरी हा धंदा इतक्या वेगाने वाढला, त्याचे एक मोठे कारण हे आहे. कारखानदारांची चरित्रे आवडीने वाचली जातात. ज्यांनी इसार भरला त्या गावोगावच्या दुकानदारांची चरित्रे कोणी लिहिली नाहीत.

दुसरी अडचण हंगामाची. थंडी-बर्फाच्या प्रदेशात गाड्या खपत वसंतात आणि उन्हाळ्यात. कारखान्याला मात्र बारा महिने सारखे उत्पादन हवे. हिवाळ्यात बनलेल्या गाड्या ठेवायच्या कोठे? उत्तर सोपे होते: विक्रेत्याच्या गोदामात. बर्फ पडत असताना त्याने हुंडी सकारायची आणि फुले उमलेपर्यंत व्याज भरायचे. कॅलिफोर्नियाची हवा सौम्य असल्याने तेथे ही झळ कमी होती, आणि तेथल्या विक्रेत्यांच्या भरभराटीत हवेचा वाटा मोठा होता. कर्तृत्वाच्या कथा सांगताना हवामानाचा उल्लेख सहसा राहून जातो.

माल अंगावर टाकला गेला की काय होते, हे १९२०-२१ च्या मंदीत साऱ्या देशाने पाहिले. हेन्री फोर्ड यांनी नुकतेच कर्ज काढून इतर भागधारकांचे हिस्से विकत घेतले होते आणि कर्जफेडीची तारीख जवळ आली होती. वॉल स्ट्रीटच्या सावकारांकडे जायचे नाही हा त्यांचा हट्ट. तेव्हा कारखान्यातल्या गाड्या मागणीचा विचार न करता देशभरच्या विक्रेत्यांकडे रवाना झाल्या. विक्रेत्यांनी गावच्या बँकांतून उचल केली, काहींनी घरे गहाण टाकली, आणि हुंड्या सकारल्या. फोर्ड यांनी कर्ज वेळेवर फेडले आणि सावकारांना न जुमानणारा माणूस म्हणून त्यांची वाहवा झाली. खरे पाहता कर्ज त्यांनीच घेतले होते. फक्त ते हजारो लहान खात्यांवर विभागून, इतरांच्या सहीने. बँकेच्या खात्यांची सवय असलेल्या कोणाही माणसाला ही युक्ती ओळखता येईल.

गिऱ्हाइकाच्या बाजूलाही पैशाचा प्रश्न होता. मोटार ही चैनीची वस्तू, दिवसागणिक तिची किंमत घटते, आणि चाके असल्याने तारण रातोरात पळून जाऊ शकते: बँकांचे हे म्हणणे चुकीचे म्हणता येणार नाही. पण गिऱ्हाईक दरमहा पगार किंवा नफा मिळवणारे होते आणि एकरकमी पैसे त्याच्याजवळ नव्हते. येथे सॅन फ्रान्सिस्कोलाच एक मान मिळतो. गाड्यांच्या किरकोळ विक्रीला हप्त्यांवर पैसे पुरवण्याची सुरुवात करणाऱ्यांत तेथल्या एल. एफ. वीव्हर यांचे नाव पहिले घेतले जाते, आणि वर्ष सांगितले जाते १९१३. त्यानंतर १९१५ मध्ये टोलेडो शहरात आणि १९१९ मध्ये खुद्द जनरल मोटर्सने अशा पतपेढ्या काढल्या. जनरल मोटर्सच्या पतपेढीचे काम दुहेरी होते: गिऱ्हाइकाला हप्ते आणि विक्रेत्याला दालनातल्या साठ्यावर उचल. गाडी दुकानात उभी, पण मालकी पतपेढीची. विकली की पैसे भरायचे. आपल्याकडच्या नजरगहाण कर्जाचाच हा भाऊबंद. १९२० च्या दशकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेत सुमारे तीन चतुर्थांश गाड्या हप्त्यांवर विकल्या जाऊ लागल्या.

हप्त्यांनी गाड्या खपल्या आणि त्यातून नवीच डोकेदुखी जन्माला आली: जुनी गाडी. पहिल्या वीस वर्षांत गाडी घेणारा बहुधा पहिल्यांदाच घेत होता. आता दुसऱ्यांदा घेणारा आपली जुनी गाडी घेऊन दारात येऊ लागला आणि तिची किंमत वळती करून मागू लागला. समोरच्या दालनात पन्नास डॉलर जास्त देतात, हे त्याचे ठरलेले वाक्य. विक्रेता जुनी गाडी चढ्या भावाने घेई, नव्या गाडीवरचा नफा वहीत दिसे, आणि तो नफा मागच्या अंगणात गंजत उभा राही. कारखान्याचा या गाडीशी संबंध नव्हता. तिची हुंडी तर कधीच वटलेली होती. नव्या गाडीचा भाव कारखाना ठरवीत असल्यामुळे विक्रेत्याची खरी पारख जुन्या गाडीच्या भावात होती. कापडाच्या दुकानात शिल्लक ताग्यांवरून मालकाची परीक्षा होते, तसेच काहीसे हे होते. व्हॅन नेसवर आणि तिच्या आडव्या गल्ल्यांत जुन्या गाड्यांचे व्यवहार वाढत गेले ते या कारणाने.

अँथनी यांच्यासारखे मोठे विक्रेते या साऱ्यातून टिकले ते आपल्या बाजूने काही तरी असे उभारून, जे करारपत्रात लिहिलेले नव्हते. त्यात पहिली येते इमारत. १९२६ मध्ये व्हॅन नेसवर पॅकार्डचे जे दालन उभे राहिले त्याचे रचनाकार होते बर्नार्ड मेबेक. १९१५ च्या जागतिक प्रदर्शनासाठी सॅन फ्रान्सिस्कोत त्यांनी बांधलेला ललितकला प्रासाद आजही त्या शहराची ओळख आहे. असा माणूस मोटारीच्या दुकानासाठी नेमायचा, हा विचारच धाडसाचा. उंच छत, प्रचंड खांब, आणि त्यांच्या पायाशी मोजक्या गाड्या: आत येणारा माणूस आवाज खाली करी. दोन वर्षांनी ओकलंडच्या सरोवराकाठी मेबेक यांनीच अँथनींसाठी दुसरे दालन बांधले, आणि लॉस एंजेलिसमधले त्यांचे राहते घरही. एवढा खर्च दुकानावर करावा का, असा प्रश्न काटकसरीच्या संस्कारात वाढलेल्या मनाला पडेल, आणि तो रास्त आहे. पण ज्याला दोन-अडीच हजार मैलांवरून आलेली महाग वस्तू अनोळखी माणसाला विकायची आहे, त्याच्यासाठी ती वास्तूच जामीन असते. उद्या पसार होणारा माणूस असे खांब उभे करत नाही, हे गिऱ्हाइकाला न सांगता कळते.

थोड्याच अंतरावर, त्याच रस्त्यावर, कॅडिलॅकचे विक्रेते डॉन ली यांची इमारत १९२१ मध्येच उभी होती. वीक्स आणि डे या रचनाकारांनी तिला दगडी प्रासादाचे रूप दिले होते. ली यांनी आणखी एक पाऊल पुढे टाकले. १९१९ मध्ये त्यांनी लॉस एंजेलिसमधला एक बग्गी-मोटारींचे सांगाडे बांधणारा कारखाना विकत घेतला. कॅडिलॅकची चाके आणि इंजिन डेट्रॉइटचे, पण वरचा साज चित्रपटातल्या तारकांच्या आवडीप्रमाणे येथे घडवायचा. कारखान्याबरोबर त्याच्या मूळ मालकाचा मुलगाही कामाला आला. त्याचे नाव हार्ले अर्ल. काही वर्षांनी कॅडिलॅकचे प्रमुख विक्रेत्यांच्या भेटीगाठींसाठी कॅलिफोर्नियात आले असता त्यांच्या नजरेस हे काम पडले. अर्ल डेट्रॉइटला गेले आणि १९२७ च्या ला सॅल गाडीचा आकार त्यांनी घडवला. पुढे तीन दशके जनरल मोटर्सच्या गाड्यांचे रूप तेच ठरवत राहिले. एका दुकानदाराच्या मागच्या खोलीतली कारागिरी साऱ्या उद्योगाची पद्धत झाली. डॉन ली यांना त्यातून काय मिळाले? त्यांच्याकडचा उत्तम माणूस गेला.

दोघांनीही नभोवाणीत पैसा घातला, आणि दोघांचाही मूळ हेतू गाड्या खपवण्याचा होता. अँथनी यांचे केएफआय केंद्र लॉस एंजेलिसमध्ये १९२२ साली अवघ्या ५० वॅटच्या प्रक्षेपकावर सुरू झाले. डॉन ली यांनी काही वर्षांनी सॅन फ्रान्सिस्को आणि लॉस एंजेलिस येथली केंद्रे विकत घेतली. त्यांच्या केंद्रांची साखळी पुढे साऱ्या पश्चिम किनाऱ्यावर पसरली.

अँथनी यांच्याविषयी एक गोष्ट हमखास सांगितली जाते. १९२३ मध्ये पॅरिसहून निऑनच्या दोन पाट्या आणून त्यांनी अमेरिकेत निऑनची सुरुवात केली, आणि त्यांसाठी २४,००० डॉलर मोजले. अनेक पुस्तकांनी ती जशीच्या तशी छापली. पुढे काही अभ्यासकांनी त्या काळची छायाचित्रे आणि कागदपत्रे तपासली तेव्हा त्या वर्षीच्या त्या पाट्यांचा पुरावा मिळाला नाही. व्हाउचर नसलेला खर्च पुस्तकी धरू नये, या नियमाने ही कथा बाजूला ठेवलेली बरी. अँथनी यांना तिची आवश्यकताही नाही.

१९२९ नंतरच्या महामंदीत श्रीमंतांच्या गाड्यांचे गिऱ्हाईक आटले. पॅकार्डने १९३५ मध्ये हजार डॉलरच्या आतली, 'वन ट्वेंटी' नावाची गाडी काढली. तिने कंपनी तगली आणि विक्रेतेही तगले. मात्र ज्या नावाच्या दबदब्यावर दालने उभी होती त्याची धार बोथट होऊ लागली, असे अनेक जाणकार मानतात. त्यावर वाद आहेत. दालनाचे भाडे, नोकरांचे पगार आणि बँकेचे व्याज ज्याला दर महिन्याला भरायचे होते त्याला मात्र स्वस्त गाडी आली याचा आनंदच झाला असणार. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ च्या फेब्रुवारीपासून, खासगी मोटारींचे उत्पादनच बंद झाले. विकायला गाडी नाही अशी साडेतीन वर्षे विक्रेत्यांनी दुरुस्ती, सुटे भाग आणि त्याच नकोशा जुन्या गाड्यांवर काढली. ज्यांनी दुरुस्तीखान्याकडे आधी लक्ष दिले होते ते निभावले.

युद्ध संपल्यावर काही वर्षे गिऱ्हाईक रांगेत उभे राहिले आणि विक्रेता वाटप करणारा झाला. परवान्यांच्या काळात आपल्याकडे स्कूटरसाठी आणि मोटारीसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून बसलेल्यांना या अवस्थेची ओळख पटेल. त्या अवस्थेत विक्रीची कला विसरली जाते. पुढे डेट्रॉइटच्या तीन बड्या कंपन्यांत गाड्या ओतण्याची चढाओढ सुरू झाली तेव्हा पॅकार्डसारख्या स्वतंत्र कारखान्याला ती पेलवली नाही. १९५४ मध्ये पॅकार्ड आणि स्टुडबेकर एकत्र आले. १९५६ च्या जूनमध्ये डेट्रॉइटमधली शेवटची पॅकार्ड बाहेर पडली. त्यानंतर दोन वर्षे स्टुडबेकरच्याच सांगाड्यावर पॅकार्डचे नाव लावून गाड्या आल्या आणि १९५८ मध्ये ते नावही संपले. त्यानंतर तीन वर्षांनी, १९६१ मध्ये, अँथनी यांचे निधन झाले.

पॅकार्डचा कारखाना ज्या वर्षी थंडावला त्याच वर्षी, ऑगस्ट १९५६ मध्ये, अमेरिकन संसदेने मोटारविक्रेत्यांसाठी एक कायदा संमत केला. तोवर बहुतेक करारपत्रांत कारखान्याने अल्पशा मुदतीची सूचना देऊन एजन्सी काढून घ्यावी, कारण सांगण्याची गरज नाही, असे कलम असे. माल घ्या, नाहीतर पाटी उतरवा, हा दबाव त्या कलमाच्या आधारावर उभा होता. नव्या कायद्याने विक्रेत्याला एवढेच दिले की कारखान्याने करार पाळताना, मोडताना किंवा पुन्हा न करताना सचोटी सोडली, तर त्याला न्यायालयात जाऊन भरपाई मागता येईल. अनेक राज्यांनी पुढे याहून कडक कायदे केले. कारखानाच बंद पडला तर मात्र कोणाशी भांडणार? पॅकार्डच्या विक्रेत्यांना त्या कायद्याचा उपयोग होण्यासारखा नव्हता.

हा भाग वाचताना आपल्याकडच्या ताज्या घटना आठवल्याशिवाय राहत नाहीत. तळेगावला कारखाना असलेल्या जनरल मोटर्सने २०१७ मध्ये भारतातली विक्री थांबवली. फोर्डने २०२१ मध्ये येथले उत्पादन थांबवण्याचे जाहीर केले. दोन्ही वेळा गावोगावी काचेची मोठी दालने, प्रशिक्षित कारागीर, सुट्या भागांचा साठा आणि त्यावरचे बँकेचे कर्ज अशी पेढ्यांची स्थिती झाली. विक्रेत्यांच्या संघटनेने त्यांच्या संरक्षणासाठी वेगळ्या कायद्याची मागणी केली आहे. करारपत्रातील दोन कलमे प्रत्येक एजन्सीधारकाने आजच काढून पाहावीत: करार संपल्यावर न विकलेला साठा आणि सुटे भाग कोण व कोणत्या भावाने परत घेणार, आणि दालनाच्या सजावटीवर कारखान्याच्या आग्रहाने केलेला खर्च किती वर्षांत वसूल होईल असे धरले आहे. ज्या करारात याचे उत्तर नाही, त्यात ते तोंडी असते, आणि तोंडी उत्तर देणाऱ्या अधिकाऱ्याची तोवर बदली झालेली असते.

व्हॅन नेसवरच्या वास्तूंची पुढची गोष्ट वेगवेगळी झाली. ओकलंडचे सरोवराकाठचे दालन १९७४ मध्ये पाडले गेले. डॉन ली यांच्या इमारतीचे दर्शनी रूप जपून आत १९९८ मध्ये चित्रपटगृहे काढण्यात आली. मेबेक यांच्या पॅकार्ड दालनाला मात्र दुसरा मोटारवाला मिळाला. शेल क्वाली हे नॉर्वेत जन्मलेले आणि लहानपणी अमेरिकेत आलेले गृहस्थ. युद्धात नौदलाचे वैमानिक होते, नंतर जीप विकत होते. १९४७ मध्ये त्यांनी छोटी ब्रिटिश एमजी गाडी पाहिली आणि ब्रिटिश गाड्यांची पेढी काढली. डेट्रॉइटच्या लोकांना ती गाडी खेळणे वाटत होती. क्वाली यांनी एकाच नावावर सारी भिस्त ठेवली नाही. एमजी, ऑस्टिन, जग्वार अशी नावे ते जोडत गेले. त्यांची पेढी पुढे या दालनात आली, आणि पॅकार्डसाठी उभारलेल्या खांबांच्या पायाशी जग्वार उभ्या राहिल्या. क्वाली २०१३ मध्ये वारले. तोवर त्यांनी विकलेल्या गाड्यांपैकी काहींचे मूळ कारखाने बंद पडले होते, काहींची मालकी देश बदलून गेली होती. जग्वार तर २००८ मध्ये मुंबईच्या टाटांकडे आली.

अँथनी यांचे केएफआय केंद्र १९३० च्या दशकापासून ५०,००० वॅटवर बोलत होते. रात्रीच्या वेळी ते पश्चिमेकडच्या कित्येक राज्यांत ऐकू येई. पॅकार्ड घेणाऱ्याने संध्याकाळी आपल्या दुकानदाराचे नाव ऐकावे म्हणून ते काढले होते. पॅकार्ड आता संग्रहालयांत आणि हौशी संग्राहकांच्या गराजांत आहेत. केंद्र चालू आहे. त्याची अक्षरे तीच आहेत, मालक बदलले आहेत.